फ्रिजवरचा कागद काढा, वही घ्या

पत्र : मी ६४ वर्षांची आहे. एका बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केली, निवृत्त झाले तेव्हा हेड कॅशियर होते. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. अकरा वर्षं त्यांचं सगळं मी केलं, शेवटची तीन वर्षं तर त्या अंथरुणावरच होत्या. मी नोकरीवर जात होते तेव्हा दोन्ही मुलांना त्यांनीच सांभाळलं हे खरं, पण बोलणं असं की माणूस सोलून निघावा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी 'हिच्या हाताला चव नाही' असं चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या, ते अजून कानात आहे. आणि जाण्याआधी पाटल्या दिल्या त्या धाकट्या जावेला, जी वर्षातून दोनदा यायची. आता घर शांत आहे, पेन्शन आहे, वेळ आहे. पण रात्री तीनला जाग येते आणि हे सगळं पहिल्यापासून सुरू होतं. मिस्टर म्हणतात, झालं ते झालं, सोडून दे. लेकीने इकिगाईचं, म्हणजे जपानी लोक ज्याला जगण्याचं कारण म्हणतात त्यावरचं, पुस्तक आणलं, त्यातली चार वर्तुळं काढून फ्रिजवर लावली. मधल्या जागेत काय लिहायचं ते मला आजवर सुचलेलं नाही. आता ती म्हणते, इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जा. जपानमधली वयस्कर माणसं इतकी शांत कशी असतात? त्यांच्याकडे माझ्यासारखीसाठी काही आहे का, की माझ्यातच काही कमी आहे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

तुमच्यात काहीही कमी नाही. फ्रिजवरचा तो कागद मात्र आजच काढून ठेवा. लेकीने तो मायेने लावलाय, तेव्हा तिला दुखवू नका. पण ती चार वर्तुळं मुळात जपानची नाहीतच. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई अशी ती आकृती आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने आयुष्याचा हेतू शोधायला म्हणून मांडली होती. २०१४ साली मार्क विन या ब्रिटिश माणसाने आपल्या एका लेखात तिच्या मधोमध 'इकिगाई' असं लिहिलं आणि ती जगभर फिरली. त्यातलं एक वर्तुळ 'ज्याचे पैसे मिळतील ते' असं आहे. पस्तीस वर्षं कॅश काउंटर सांभाळून निवृत्त झालेल्या बाईने ते पुन्हा कशासाठी भरायचं?

जपानमध्ये या विषयात खोल शिरल्या त्या मिएको कामिया, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. १९५७पासून त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग वसाहतीत काम करत होत्या. घर सुटलेलं, नातेवाइकांनी नाव टाकलेलं, सरकारने बेटावर डांबलेलं, अशी तिथली माणसं. अशा माणसाला सकाळी उठावंसं का वाटतं, हा त्यांचा प्रश्न होता आणि १९६६ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. जपानमधल्या अशा वसाहतींत दृष्टी गेलेले आणि बोटांची संवेदनाही गेलेले रुग्ण होते. त्यातले काही जिभेने ब्रेल वाचायला शिकले, जीभ रक्तबंबाळ होईपर्यंत. आनंदवन पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या जपानी वसाहतींत कमाईचं वर्तुळ कुठून येणार? तेव्हा मधली जागा रिकामी राहिली म्हणून तुम्ही नापास झालात असं मनातसुद्धा आणू नका.

दुसरं, जपानी वयस्कर माणसं शांत असतात हेही अर्धंच खरं. त्या देशात शंभरातली एकोणतीस-तीस माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. त्यातली कितीतरी एकटी राहतात. घरात एकट्याने मरण आलेल्या आणि दिवसेंदिवस कुणाला न कळलेल्या माणसांची घरं साफ करून देणाऱ्या कंपन्या तिथे आहेत, आणि त्यांना काम कमी पडत नाही. शांती त्यांच्या रक्तात असते असं काही नाही. मन त्यांनाही छळतं, म्हणून तर त्यांना त्यावर उपाय शोधावे लागले. त्यातले जे तुमच्या उपयोगाचे आहेत असं मला मनापासून वाटतं, तेवढेच सांगते.

फुकुओकाच्या सरदाराच्या पदरी कैबारा एक्केन नावाचे एक विद्वान होते. जन्म १६३०चा. १७१३ साली, म्हणजे ऐंशी उलटून गेल्यावर, त्यांनी 'योजोकुन' हा आरोग्यावरचा ग्रंथ लिहिला. पोट थोडं रिकामं ठेवून उठावं एवढ्यावरच त्यांची आठवण काढली जाते, पण ग्रंथाच्या शेवटच्या भागात म्हातारपणाविषयी जे आहे ते मला जास्त मोलाचं वाटतं. ते म्हणतात, मुलांच्या आधाराने राहणारी पुष्कळ म्हातारी माणसं तरुणपणी होती त्याहून रागीट आणि हावरी होतात, मुलांना बोल लावतात, इतरांचे दोष काढत बसतात आणि आयुष्याचा शेवट बिघडवून घेतात.

ताई, हे वाचताना मला तुमच्या सासूबाई दिसल्या. तीनशे वर्षांपूर्वी, इतक्या लांबच्या देशात कुणीतरी त्यांचं वर्णन करून ठेवलंय. आणि काळजीने सांगते, रात्री तीनला जाग्या होणाऱ्या तुम्हीही त्याच वाटेच्या तोंडाशी उभ्या आहात. तुमचं बोलणं अजून कुणाला सोलत नसेल. पण सून येईल, जावई येईल, आणि हा सगळा साठा तोवर तसाच राहिला तर तो कुठेतरी बाहेर पडेलच.

एक्केन पुढे सांगतात की लोक मनासारखे वागत नाहीत, कारण ती साधी माणसं आहेत, अशीच वागायची. त्यांना बोल लावू नये, राग धरू नये. आणि म्हातारपणी दिवस दहापट वेगाने जातात, म्हणून एक दिवस दहा दिवसांच्या मोलाचा मानून तो आनंदाने घालवावा. त्या हिशेबाने तुमचे रात्रीचे तीन ते पाच हे दोन तास केवढे होतात ते बघा.

आता तुम्ही म्हणाल, 'सोडून द्या' हे तर मिस्टरही म्हणतात. बरोबर आहे. सोडायचं कसं हे एक्केन फारसं सांगत नाहीत. ते सांगितलं त्यांच्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, नारा भागातल्या इशिन योशिमोतो या व्यापाऱ्याने.

योशिमोतो १९१६चे, जोदो शिन्शू या बौद्ध पंथात वाढलेले. त्या पंथातल्या काही लोकांमध्ये एक कडक साधना होती. अन्न, पाणी, झोप सगळं सोडून बसायचं आणि आपलं आयुष्य तपासायचं. योशिमोतोंनी ती केली, पुन्हा पुन्हा केली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की उपासतापास आणि धर्माचा भाग काढून टाकला तरी उरतं ते कुणालाही करता येण्यासारखं आहे. त्याला त्यांनी नाइकान म्हटलं. कृत्रिम चामड्याच्या धंद्यात पैसा कमावून झाल्यावर त्यांनी धंदा सोडला आणि यामातोकोरियामा इथे स्वतःच्या जागेत लोकांना बसवायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत जपानच्या तुरुंगांत गेली, दारू सोडवणाऱ्या दवाखान्यांत गेली.

ती अशी चालते. माणूस सात दिवस राहायला येतो. खोलीच्या कोपऱ्यात कागदी घडीचा पडदा उभा करतात, त्याच्या आत एक उशी. पहाटेपासून रात्री नऊपर्यंत तिथेच बसायचं. जेवणसुद्धा आत येतं. फोन नाही, गप्पा नाहीत. सुरुवात आईपासून. शाळेत जायच्या आधीची वर्षं, मग प्राथमिक शाळेची, मग दोन-तीन वर्षांचा एकेक टप्पा. प्रत्येक टप्प्याला तीनच प्रश्न : या माणसाने माझ्यासाठी काय केलं? मी त्याच्यासाठी काय केलं? मी त्याला काय त्रास दिला? तास-दीड तासाने मार्गदर्शक येतो, पडद्याबाहेर वाकून नमस्कार करतो, काय आठवलं ते ऐकतो आणि आभार मानून जातो. सल्ला देत नाही, चूक-बरोबर ठरवत नाही. आई झाली की वडील, नवरा, बायको, भावंडं. काही ठिकाणी तर आपल्याला लहानाचं मोठं करायला किती खर्च आला असेल त्याचा आकडा काढायला सांगतात, पैशांत.

'त्याने मला काय त्रास दिला' हा चौथा प्रश्न योशिमोतोंनी मुद्दाम ठेवला नाही. तो कुणी न विचारता आपण जन्मभर सोडवतच असतो. तुम्ही रोज रात्री तीनला सोडवताय.

ताई, तुम्ही खतावणी लिहिलेली बाई आहात. सासूबाईंच्या खात्याची फक्त नावे बाजू तुमच्या मनात रोज नव्याने उतरवली जाते, जमा बाजूचं पान कधी उघडलेलंच नाही. अशा खात्याचा ताळा बसणार कसा? आणि गंमत म्हणजे त्या पानावरची पहिली नोंद तुमच्याच पत्रात आहे : 'दोन्ही मुलांना त्यांनीच सांभाळलं हे खरं.' हे तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढच्या 'पण'वर गेलात. मी मात्र तिथे थांबले. बँकेची वेळ, वर कॅश टॅली होईपर्यंतचा उशीर, मार्चअखेरीच्या रात्री. त्या सगळ्या काळात दोन पोरांना कुणी भरवलं, शाळेच्या रिक्षातून कुणी उतरवून घेतलं, ताप आला तर मिठाच्या पाण्याच्या घड्या कुणी ठेवल्या? तुमची पेन्शन ज्यांच्या जिवावर उभी राहिली त्यांत ही कजाग बाईही आहे. चव नाही म्हणणारीही तीच, आणि तुम्ही घरी येईस्तोवर पोरांना निजवून ठेवणारीही तीच.

पण इथे मी योशिमोतोंचं सगळं जसंच्या तसं घ्या असं सांगणार नाही. त्यांच्या पद्धतीत निम्म्याहून जास्त वेळ तिसऱ्या प्रश्नाला द्यायचा असतो, मी काय त्रास दिला या. जपानच्या तुरुंगातल्या पुरुषाला ते लागू पडत असेल. आपल्याकडच्या सुनेला 'तुझंच काय चुकलं' हे लग्नाच्या दिवसापासून विचारलं गेलेलं असतं, त्यात आणखी भर नको. ज्या बाईने घरात मारहाण सोसली आहे तिला तर मी हा प्रश्न एकटीने हातात घ्यायलाच सांगणार नाही. तुमच्या पत्रात तसं काही नाही, म्हणून तुम्हाला सांगते की पहिल्या प्रश्नापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबा. तिसरा शेवटी, आणि थोडाच.

एक दोनशे पानी वही घ्या. सासूबाईंपासून सुरुवात करायची नाही, ती चूक बरेच जण करतात. आईपासून करा. सहा ते नऊ वर्षांची होतात तो काळ घ्या. 'आईने खूप प्रेम दिलं' असं लिहाल तर ते खोडा. व्हाउचर नसलेली नोंद घ्यायची नाही, हा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. शाळेत जाताना रोज दोन वेण्या घालून दिल्या, परकर शिवला, गोवर आला तेव्हा रात्रभर कडुलिंबाचा डहाळा घेऊन बसली, असं लिहा. मग तुम्ही तिच्यासाठी काय केलं ते. ते पान लहानच असेल, सगळ्यांचं असतं. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द या वहीत येऊ द्यायचे नाहीत. दिवसाकाठी अर्धा तास पुरे, दुपारी, झोपायच्या आधी नको. आईचे टप्पे संपले की वडील, मग मिस्टर. सासूबाई त्यानंतर. आणि त्यांचं खातं उघडाल तेव्हा मुलांच्या सांभाळाचा आकडा खरोखर मांडा. आज पाळणाघर आणि स्वयंपाकाची बाई काय घेते ते तुम्हाला ठाऊक आहे. वर्षांनी गुणा. 'हाताला चव नाही' या वाक्याचं ओझं त्यामुळे नाहीसं होणार नाही. त्याच्या शेजारी दुसरं काही दिसू लागेल, एवढंच मी म्हणते.

आता रात्रीचे तीन. त्यासाठी दुसऱ्या माणसाकडे जावं लागेल. शोमा मोरिता, जन्म १८७४, टोकियोत मनोविकारांचे डॉक्टर आणि प्राध्यापक. विद्यार्थी असताना त्यांना स्वतःलाच छातीत धडधड आणि मरणाची भीती यांनी घेरलं होतं. एकदा परीक्षेच्या तोंडावर घरून पैसे येईनात. वडिलांवर इतका संताप आला की औषधं सोडली आणि मेलो तरी बेहत्तर म्हणून अभ्यासाला बसले. परीक्षा उत्तम गेली आणि धडधडही ओसरली. पुढे १९१९च्या सुमाराला त्यांनी जी उपचारपद्धती बसवली तिचं मूळ त्या दिवसांत आहे. रुग्णांना ते स्वतःच्या घरी ठेवायचे. आधी काही दिवस नुसतं पडून राहायचं, मग अंगण झाडणं, पानं गोळा करणं, मग लाकूड फोडण्यासारखी अंगमेहनत, आणि रोजची डायरी, ज्यात डॉक्टर शेरे लिहीत. 'बरं वाटलं की कामाला लागेन' हे वाक्य त्यांना मान्य नव्हतं. मनात काय उठेल ते आपल्या हाती नाही, हात कशाला लावायचा ते आहे. राग आला तर येऊ द्यावा. त्याला दाबायचं नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही, आपोआप चढतो तसा आपोआप उतरतो. माणूस उतरू देत नाही, कारण तो त्याच्यामागे लागतो.

तेव्हा तीनला जाग आली आणि पाटल्या आठवल्या की 'आता हे विचार बंद' असं स्वतःला दटावू नका. आठवल्या, बरं. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा आणि स्वयंपाकघरात मंद दिवा लावून एखादं बिनडोक काम हातात घ्या. तांदूळ निवडा, लसूण सोला, मसाल्याचे डबे पुसा. मोबाइल नको. झोप आली की परत अंथरुणावर. सकाळी मात्र रात्र कशीही गेली असली तरी उठायची वेळ बदलायची नाही. जपानमध्ये रेडिओवर १९२८पासून सकाळचा व्यायाम लागतो. आजही साडेसहाला पार्कात म्हातारे-म्हाताऱ्या येऊन उभे राहतात आणि दहा मिनिटं हात-पाय हलवून घरी जातात. आज मन लागतंय का, असं त्यांना कुणी विचारत नाही. तुमच्या जवळ हास्यक्लब असेल, योगवर्ग असेल, नाहीतर मारुतीच्या देवळापर्यंतची एक फेरी असेल. काहीही चालेल, फक्त वेळ ठरलेली असू द्या.

राहिल्या पाटल्या. याबाबत मला स्पष्ट बोलायचंय. तो अन्याय होता. अकरा वर्षं ज्या हातांनी त्यांना उठवलं-बसवलं, त्या हातांचा विचार त्या वाटणीत झाला नाही. कुठल्याही जपानी पद्धतीने त्याला न्याय म्हणता येणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. पण मला असं वाटतं की तुम्हाला सोन्यापेक्षा जास्त टोचतंय ते वेगळंच आहे. या घरातल्या एकाही माणसाने आजवर तोंडाने कबूल केलेलं नाही की हिने केलं. सासूबाई आता ते म्हणणार नाहीत. मिस्टर म्हणू शकतात. एखाद्या संध्याकाळी टीव्ही बंद करून त्यांना समोर बसवा आणि सांगा, 'मला पाटल्या नकोत, जावेशी भांडण नको. तुमच्या आईचं मी केलं आणि त्याची दखल घेतली गेली नाही, एवढं तुम्ही एकदा म्हणा. लगेच पुढे सोडून दे म्हणू नका.' बहुतेक पुरुष 'झालं ते झालं' म्हणतात ते निष्ठुरपणाने नाही. काय बोलायचं ते त्यांना सुचत नाही. तुम्ही वाक्यच हातात दिलंत तर ते म्हणतील. त्यांच्या आईचा मृत्यू त्यांचाही आहे, हेही त्या संध्याकाळी कदाचित बाहेर येईल.

आणखी एक. अकरा वर्षं ज्या वेळापत्रकावर तुमचा दिवस चालला, औषधं, चादरी, पेज, कूस बदलणं, ते एका दिवसात थांबलंय. ज्यांच्यावर राग आहे त्यांच्या जाण्यानेही घर रिकामं होतं आणि शरीर त्या वेळांना जागं होत राहतं. तीनला त्यांची कूस बदलायचात का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला विचारावंसं वाटलं. पहाटे लवकर जाग येणं, त्याबरोबर भूक जाणं, कशातच मन न लागणं, जगण्याचा कंटाळा, असं दोन आठवड्यांहून जास्त रोज चाललं असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगली औषधं आहेत. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.

इगतपुरीचं विचारलंत. तिथली विपश्यना जपानची नाही. ती ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून सत्यनारायण गोएंका भारतात घेऊन आले. साधना चांगली आहे, पुष्कळांना तिचा उपयोग झालाय. पण दहा दिवस मौन, वाचन-लेखन बंद, कुणाशी बोलणं नाही, आणि पहाटे चारला घंटा. सध्याच्या झोपेवर ते मला जड वाटतं. आधी डॉक्टरांशी बोलणं होऊ द्या, वहीत मिस्टरांपर्यंत तरी या, मग बघू. अर्जात तब्येतीविषयी विचारतात तिथे झोपेचं खरं लिहा. लेकीला सध्या एवढंच सांगा की जपानी औषध सुरू केलंय, फक्त दुसरं. आणि सासूबाईंच्या पानापर्यंत पोचाल तेव्हा मला पुन्हा लिहा, तिथे अडखळायला होणारच आहे. मिस्टर काय म्हणाले तेही कळवा.